पंपवाल्या साहेबांची कोरडी मोटार

मी पुण्यात पंपांची डिझाइनं करतो. चोवीस वर्षं करतोय. लग्नकार्यात कुणी चुकून "आपण काय करता?" असं विचारलं, की मी ज्या उत्साहाने सांगायला लागतो तो बघून बायको समोरच्या माणसाला घाईघाईने पंगतीत नेऊन बसवते. तर अशा माणसाच्या अंगात पन्नाशीनंतर समाजसेवा शिरली की काय होतं, त्याची ही हकिगत.

आमच्या कंपनीत एक टूम निघाली. इंजिनिअरांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळांत जायचं, मुलांना हाताने प्रयोग करायला लावायचं आणि त्यातून विज्ञान-इंजिनिअरिंगमधल्या कामांची ओळख करून द्यायची. नावं मागवली तेव्हा मीटिंगमधले सगळेच्या सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले. मी हात वर केला. आपल्याकडे देण्यासारखं पुष्कळ आहे, असं मला मनापासून वाटत होतं. माझ्या वाट्याला आंबेगाव तालुका आला. बायको म्हणाली, "जा. पण तिकडे बिबटे आहेत, आणि त्यांना मला पंगतीत नेऊन बसवता यायचं नाही. त्यांना तरी पंपाबद्दल सांगू नकोस."

गुरुवार, घोडेगाव

शाळा होती लोणीच्या पुढे, एका वस्तीवर. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. त्याआधी घोडेगावला पंचायत समितीत जाऊन परवानगीच्या पत्राची प्रत घ्यायची होती. तिथल्या टेबलावरच्या गृहस्थांनी माझं पत्र शांतपणे वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "करिअर मार्गदर्शन. बरं. आणि इयत्ता?"

"पहिली ते चौथी."

"लवकर नाय का व्हत जरा?" ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. त्यांनी चहा मागवला आणि पाच मिनिटांत पत्र हातात दिलं.

त्या पाच मिनिटांच्या यशाने मी इतका फुगलो, की स्टँडवर जी बस सुटत होती तीत दोन बॅगा आणि पंपाचं खोकं घेऊन चढलो. गाव मागे पडलं तेव्हा कंडक्टर आले.

"लोणी एक द्या."

त्यांनी माझ्याकडे, मग खोक्याकडे बघितलं. "पावणं, लोणी उगवतीला. आपण मावळतीला चाललोय, डोंगरात. भीमाशंकराचं दर्शन घ्यायचं असलं तर बसा, चांगला योग हाय."

सगळी बस हसली. पुण्यात असं झालं असतं तर मला उतरवून बस निघून गेली असती. इथे ड्रायव्हरने गाडी थांबवली, समोरून येणाऱ्या टेम्पोला हात केला आणि "हे साहेब चुकल्यात, मंचरपर्यंत न्या" असं सांगून माझी रीतसर बदली करून दिली. टेम्पोत बटाट्याची पोती होती. मी पोत्यावर बसलो आणि खोकं मांडीवर घेतलं.

मंचरहून योग्य बस मिळाली. निरगुडसरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता, आणि प्रत्येक उसाच्या फडात मला बिबट्या दिसत होता. पुढे ऊस विरळ झाला, माळ लागला, कांद्याचे वाफे आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी दिसायला लागली. थंडी सरत आली होती. वस्तीवर उतरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं, आणि शाळेच्या दारात वैशालीबाई माझी वाट बघत उभ्या होत्या.

पस्तिशीच्या असतील. दुसरे शिक्षक आठवडाभर प्रशिक्षणाला गेलेले, त्यामुळे चारही वर्ग त्यांच्याकडेच होते. त्यांनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि मग एकदम सगळं सांगून टाकलं.

"सर, तुम्हाला अंधारात ठेवून बोलावलं असं म्हणायला नको, म्हणून सांगते. सहा पालकांनी अर्ज दिलेत. जूनपासून मुलं इंग्लिश मीडियमला घालायची म्हणून. सहाच्या सहा गेली तर आमचा पट खाली येतो, एक शिक्षक जातो. मग चार वर्गांना एकच माणूस. एक जरी मूल राहिलं तरी निभतंय. मी त्यांना म्हटलं, अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवते, शनिवारी मेळाव्याला या, आपली पोरं काय करतात ते एकदा बघा, मग ठरवा."

"मेळाव्यात काय आहे?"

"तुम्ही आहात," बाई म्हणाल्या.

यावर कुठलाही शहाणा माणूस घाबरला असता. मी मात्र छाती पुढे काढून म्हणालो, "बाई, तुम्ही निर्धास्त राहा." आता आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

माझी राहायची सोय दत्ताभाऊंच्या घरी केली होती. त्यांची मुलगी आरोही चौथीत. सहा अर्जांतला एक अर्ज दत्ताभाऊंचाच होता, हे बाईंनी मला चालता चालता सांगितलं. घर धनगरांचं. आता शेती करतात, पण म्हाताऱ्या आबांनी चाळीसेक मेंढरं ठेवली आहेत. दत्ताभाऊ मोकळ्या स्वभावाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. घरात तेच बोलत होते. आरोहीची आई, लता, तव्यावरून भाकऱ्या उतरवत होती आणि लागेल ते न विचारता पुढे सरकवत होती.

जेवायला मासवडी होती. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं झणझणीत सारण, वरून तांबडा रस्सा, सोबत बाजरीची भाकरी. मी पुण्याच्या हॉटेलात ती खाल्ली होती. पण तिथली मासवडी खाऊन मला कधी घाम फुटला नव्हता. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. "तिखट झालं का?" लताने हळूच विचारलं. मी मानेनेच नाही म्हणालो, कारण आवाज निघत नव्हता. दत्ताभाऊ म्हणाले, "साहेबांना आवडलंय, वाढ आणखी." वाढली. मी खाल्ली. चौथ्या वडीनंतर मी देवाचं नाव घेतलं.

शुक्रवार, वस्तीवरची शाळा

सकाळी चहाचा कप घेऊन मी शेततळ्याकडे गेलो. उसाच्या बाजूने कोणीतरी घोगरं खाकरलं. मी चहासकट पळालो. ती आबांची मेंढी होती, सर्दी झालेली. आबा हसले नाहीत. "शहरातल्या माणसाला व्हतंय तसं," एवढंच म्हणाले, आणि त्यांचं ते समजून घेणं हसण्यापेक्षा जास्त लागलं.

साडेनऊला शेतीची लाइट आली. तळ्याच्या काठावर मोटार होती. लता आली, तिने बादलीने मोटारीत पाणी ओतलं, पाइप काठोकाठ भरेपर्यंत ओतत राहिली, टोपण आवळलं आणि मग बटण दाबलं. कांद्याला पाणी सुरू झालं.

आता इथे गप्प बसायला काय हरकत होती? पण मी बसलो नाही. "बरोबर केलंत," मी म्हणालो. "पंप हवा ओढू शकत नाही. आत पाणी असेल तरच तो पाणी खेचतो. आधी भरून घेतलं नाही तर नुसता कोरडा फिरत राहील." आणि मी तिला ते शास्त्र, हातवारे करून, चांगली दहा मिनिटं समजावून सांगितलं. अकरा वर्षं रोज मोटार भरणाऱ्या बाईला. तिने पदर खोचून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "व्हय का."

साडेदहाला शाळेत गेलो. प्रार्थना झाली, मुलं गोल करून बसली आणि मी माझं भाषण सुरू केलं. "मुलांनो, इंजिनिअर म्हणजे यंत्रं बनवणारा माणूस..."

"थांबा!" दुसरीतला एक मुलगा म्हणाला.

मी थांबलो. मुलगा उभा राहिला. "आमच्या कोंबड्यांच्या शेडचा नकाशा काढाया इंजिनेर मॅडम आल्या व्हत्या. त्यांनी यंत्र नाय बनवलं. आन् त्या माणूस नव्हत्या, बाई व्हत्या."

मी बाईंकडे बघितलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे तशी पद्धत आहे, सर. कुणाचं काही चुकलं असं वाटलं, तर 'थांबा' म्हणायचं. कोण बोलतंय ते बघायचं नाही. मग काय चुकलं ते उभं राहून सांगायचं. सांगणाऱ्याचंच चुकलं असेल, तर ते त्याने कबूल करायचं. माझ्याबरोबर रोजच चालतं."

"वा, फार छान," मी म्हणालो. माझा समज असा, की दिवसातून एखाददुसऱ्या वेळी होत असेल.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मला अकरा वेळा थांबवलं. पाणी गाळण्याच्या प्रयोगात मी बाटलीत वाळू खाली आणि खडी वर भरली होती, थांबा, वाळूच गळून येतेय. जुन्या वर्तमानपत्रांचा पूल केला, त्यावर वीट ठेवून म्हणालो, बघा, घडी घातलेल्या कागदात किती ताकद असते. थांबा, पूल वहीवर टेकलाय. खरंच टेकला होता. मुलांना जवळचं उदाहरण द्यावं म्हणून मेंढीची लोकर वर्षातून एकदा कातरतात असं म्हणालो, तर अर्धा वर्ग एकदम ओरडला. दोनदा कातरतात. "आमच्या आबांना इचारा," आरोही म्हणाली. सगळ्यांत जास्त थांबे तिचेच होते. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला आणि नजर अशी की बोलताना माझंच वाक्य मला संशयास्पद वाटायला लागायचं.

पण खरं सांगतो, पोरं हुशार होती. दुपारी त्यांना दोरा, काड्या, रिकामी रिळं दिली आणि ओझं उचलायची यारी करा म्हणालो, तर तासाभरात पाच तऱ्हेच्या पाच याऱ्या उभ्या राहिल्या. प्रत्येक गट दुसऱ्याच्या यारीपाशी जाऊन "थांबा" म्हणत होता, भांडत होता, आणि परत येऊन स्वतःची सुधारत होता. आमच्या ऑफिसात याला तीन आठवडे लागतात आणि शेवटी दोघं बोलेनासे होतात.

हे सगळं डोळ्यांनी बघूनही, शाळा सुटल्यावर मी बाईंना काय म्हणालो असेन?

"बाई, उद्या पालक येणार आहेत. उद्यापुरतं ते 'थांबा' जरा बंद ठेवता येईल का? कार्यक्रमाचा फ्लो तुटतो. शिवाय पालकांना ते उद्धटपणाचं वाटायचं."

बाईंनी खडू डब्यात ठेवले. "मलाही तीच भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "मागे एक पालक बोलले होते, ही काय तोंड वर करून बोलायची शाळा आहे का म्हणून. ठीक आहे. सांगते मी मुलांना."

त्यांना ते पटलं नव्हतं, हे मला कळत होतं. पण मला माझ्या पंपाची काळजी होती.

शनिवार, मेळावा

शनिवारी सकाळची शाळा. आठ वाजता सहाही घरांतले पालक आले, आणखीही काही आले. सतरंजीवर बायका, मागे भिंतीला टेकून पुरुष. दत्ताभाऊ मोटारसायकलवरच बाहेर थांबले होते, मेळावा आटपला की लताला घरी सोडून त्यांना मंचरला जायचं होतं. आत लता येऊन बसली होती, अगदी कडेला. मुलं समोर हाताची घडी घालून बसली होती. बाईंनी सांगितल्याप्रमाणे एकाच्याही तोंडातून शब्द निघत नव्हता. इतकी शांत पोरं बघून मला फार प्रसन्न वाटलं.

माझा पंप मी स्वतः बनवला होता. पारदर्शक डबी, आत फिरणारं छोटं चाक, बॅटरीवरची मोटार, दोन नळ्या. खालच्या बादलीतलं पाणी वर चढून फळीवरच्या टाकीत पडणार, टाकीतून खाली येताना पवनचक्कीसारखं रंगीत चाक फिरवणार, आणि मी म्हणणार, "हे आहे इंजिनिअरिंग!" पुण्यात बाथरूममध्ये आठ वेळा चालवून बघितला होता. दरवेळी तो बादलीत बुडवूनच चालवला होता. इथे म्हटलं, बुडवला तर मागच्यांना दिसायचा नाही. म्हणून टेबलावर, बादलीच्या वर, छान उंचावर ठेवला.

पंधरा मिनिटं बोललो. मग बटण दाबलं.

मोटार गुरगुरली. चाक गरगर फिरलं. पाणी बादलीतच बसून राहिलं.

मी हसलो. बटण बंद केलं, पुन्हा दाबलं. वायर हलवली. बॅटरी बदलली. नळी काढून पुन्हा लावली. कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीने पुसला. "प्रयोगात असं होतं," मी म्हणालो. मोटार आता तापून वास यायला लागला होता. मागे कुणीतरी म्हणालं, "साहेब, आमच्या वायरमनला बोलवू का?" भिंतीकडची माणसं हसली. एक आजोबा उठून चप्पल शोधायला लागले. "ह्येच शिकवत्यात व्हय हितं," असं कुणीतरी म्हणालेलं मी ऐकलं, आणि बाईंनीही ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला.

मी मुलांकडे बघितलं. ती पोरं जागच्या जागी तळमळत होती. एकाने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. मला सोडून तिथे सगळ्यांना कळलं होतं.

"थांबा!"

आरोही उभी होती. आवाज इतका मोठा, की चप्पल शोधणारे आजोबाही थांबले. तिने आधी बाईंकडे बघितलं, ओरडा बसेल म्हणून. बाईंनी मान डोलावली.

"सर, मोटार कोरडी हाय. पाणी भरलंच नाय तुमी."

अहाहा! चोवीस वर्षं! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मी म्हणणार होतो. पण त्यालाही कोणी थांबलं नाही. आरोही पुढे आली. तिने खालच्या नळीचं टोक पाण्याखाली अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरीतल्या त्या कोंबडीवाल्याला म्हणाली, "वरनं वत तू. भरपूर वत." त्याने तांब्याने वरच्या नळीतून पाणी ओतलं. नळीतून बुडबुडे वर आले, डबी भरली, नळी भरली. "आता लावा, सर. लावा की!"

मी बटण दाबलं. तिने अंगठा काढला. पाणी सळसळत वर चढलं, टाकीत पडलं, रंगीत चाक फिरलं. पोरांनी एवढा गलका केला, की आता थांबा म्हणायची पाळी बाईंवर आली. मग एकेक मूल उठून आईबापाला ओढून टेबलापाशी आणायला लागलं, आणि पंप का अडला होता ते माझ्याच समोर त्यांना समजावून सांगायला लागलं. ती माझ्या हातवाऱ्यांपेक्षा बरं सांगत होती.

सव्वानऊला मेळावा आटपला. पाच घरांतली माणसं बाईंना भेटली. छान झालं म्हणाली, चहा प्याली. अर्जाचं काय, असं बाईंनी विचारल्यावर प्रत्येकाने "बघू" म्हटलं. आमच्याकडे पुण्यात 'बघू' म्हणजे नाही. इकडेही तेच असावं, कारण बाईंनी दरवेळी "हो, बघा ना" म्हणत मान फिरवली. मी खोकं भरत होतो. एवढं वजन मी आयुष्यात उचललं नव्हतं. मी बाईंना "निर्धास्त राहा" म्हणालो होतो, आणि आता त्यांच्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती. बाहेर दत्ताभाऊंनी दोनदा हॉर्न वाजवला.

सगळे गेले तरी लता कडेला तशीच बसलेली होती. मग उठली, टेबलापाशी आली.

"बाई, आमचा अर्ज माघारी द्या."

बाई खुर्चीवरून उठल्या. "दत्ताभाऊंना विचारलंत?"

"न्हाई. सांगते आता." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, पण आवाज स्थिर होता. "ह्या पावण्यांनी मोटार टेबलावर ठेवली ना, तवाच मला कळलं व्हतं का ती कोरडी हाय. पयल्यांदा मलाच कळलं. म्हणलं, मोठी माणसं, आपुन कशाला बोलायचं. बसले गप. अकरा वर्षं झाली, घरात चुकतंय दिसतं, आन् मी अशीच गप बसते. आमची पोरगी नाय बसली."

बाईंनी ड्रॉवर उघडला. सहा कागद उलटेपालटे करून त्यातला तो एक काढला. लताने तो घेतला, घडी घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "येते, साहेब. लाइट यायची येळ झाली." मी हात जोडले.

ती बाहेर गेली. आम्ही दोघं खिडकीतून बघत होतो. दत्ताभाऊ किक मारायच्या तयारीत होते. ती मोटारसायकलच्या पुढे जाऊन उभी राहिली, चाकाला अगदी लागून, आणि तिने तो कागद त्यांच्यासमोर धरला. काय बोलली ते आम्हाला ऐकू आलं नाही. बराच वेळ बोलत होती. दत्ताभाऊंनी एकदा हात उडवला, मग खाली घेतला. मग त्यांनी गाडी स्टँडला लावली आणि ऐकत उभे राहिले.